शकूताईंचं नाक

काल सकाळी भिंतीपलीकडून भाऊंनी हाक मारली. मी शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत होते, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात अर्धी वेणी. म्हणाले, "ऐकलंस का गो, लिंबाला फूल आलाय. जवळ नाक नेलं तर वास येत नाय, लांब उभं राहिलं तर येतो. गोड हाय, पण मधेच सालीचा कडूपणा लागतो." एवढं बोलून ते पाण्याची झारी घेऊन पुढच्या झाडाकडे गेले.

भाऊंना पूर्वीपासून ओळखणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं तर तो मलाच वेड्यात काढेल. वाशिंदच्या कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक वर्षं हा माणूस दिवसाला चार शब्द बोलायचा. त्यातले दोन 'बरं' असायचे. त्यांना बोलतं केलं ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे शकूताईंनी, आणि तेसुद्धा स्वतःचं फार मोठं काहीतरी हरवून. शकूताई आता नाहीत. त्यांच्याविषयी सांगायचं तर सुरुवात नाकापासूनच करायला हवी, कारण त्या नाकानं जगल्या. दिसायला तसं ते अगदी साधं नाक होतं, थोडं बसकंच.

आम्ही आसनगावला घर घेतलं तेव्हा शेजारी कोण राहतं याचा पहिला पत्ता लागला तो वासावरून. सामान उतरवून आम्ही दमून बसलो होतो आणि भिंतीपलीकडून गवती चहाचा असा दरवळ आला, की आमचे हे म्हणाले, "शेजार चांगला दिसतोय." थोड्या वेळानं हातात किटली घेऊन एक बुटक्या, रुंद, घट्ट अंबाड्याच्या बाई दारात आल्या. "जय भीम. मी शकुंतला. इथं सगळी सिस्टर म्हणतात." चहा ओतला. मी ओट्याशी उभ्याउभ्याच कप तोंडाला लावला, तर त्यांनी सरळ माझ्या हातातला कप काढून घेतला.

"उभ्यानं घेतात ते औषध. चहा बसून घ्यायचा."

मला माझ्याच घरात एका न उघडलेल्या खोक्यावर बसवलं आणि मग कप परत दिला. मला राग आला होता. माणूस कितीही प्रेमळ असला तरी पहिल्याच भेटीत हातातला कप काढून घेणं म्हणजे जरा अतीच. पण चहा इतका छान होता की राग धरून ठेवायला जमलं नाही.

शकूताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. बरीचशी नोकरी मुरबाडच्या पलीकडच्या, डोंगराखालच्या गावांत गेली. शहापूरहून किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडायची, पुढं पाड्यांवर पायी फिरायचं, बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या, आणि अंधार पडायच्या आत परतीची गाडी गाठायची. या सगळ्याच्या हकिगती त्यांच्याकडे पोत्यानं असणार, पण विचारल्या तर फारशा सांगत नसत. एकच सांगत. "नोकरीभर ह्या नाकानं फिनेल नि स्पिरिट खाल्लाय. आता त्याला चार घास गोडाचे घालायचे."

निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्यातल्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ दिलं. नोकरी संपली त्याच दिवशी माणसाला घड्याळ देतात, हा प्रकार मला कधीच कळलेला नाही. शकूताईंनी ते कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगलं. "त्यांना तरी टाइम कळू दे," म्हणाल्या. पाहुणा आला की आधी घड्याळाकडे आणि मग आमच्याकडे बघायचा. आम्ही शेजारी असल्यामुळे आमच्यावरही थोडा संशय यायचा.

त्यांच्या सुखांना पैसा फार लागत नसे, पण शिस्त मात्र कडक होती. सकाळचा चहा मागच्या पडवीत, पाटावर बसून, बशीत ओतून. तो चालू असताना बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, पेपर वाचायचा नाही. एकदा त्यांचा मुलगा ऐरोलीहून दहादा फोन करत राहिला. ताईंनी बशी संपवली, तोंड पुसलं आणि मग उचलला. तिकडे मुलाचा जीव टांगणीला लागलेला. "काय झाला रे?" त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं, "काय नाय, सहज केला." "मग सहजच ठेव," म्हणून ताईंनी फोन ठेवून दिला.

रविवारी चादरी आणि गोधड्या उन्हात पडत. संध्याकाळी काढताना ताई दोरीपाशीच थांबत, गोधडीत तोंड खुपसून उभ्या राहत. मला वाटायचं बाईला चक्कर आली की काय. एकदा विचारलं तर गोधडी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घे. ऊन हाय ते. फुकट हाय म्हणून कुणी घेत नाय." मी घाईघाईनं नाक लावलं आणि काढलं. त्या म्हणाल्या, "काय गो, गॅस गळतोय का बघायला आल्यासारखी करतेस! नीट घे." दुसऱ्यांदा घेतला तेव्हा मला खरोखर कळलं की उन्हाला वास असतो, आणि तो आपल्याला लहानपणापासून माहीत असतो.

मागचं अंगण फार मोठं नव्हतं, पण त्यात काय नव्हतं ते विचारा. अळू, गवती चहा, कढीपत्ता, लिंबू, मांडवावर तोंडली, कुंपणाला अबोली आणि पडवीच्या कोपऱ्यावर मोगरा. संध्याकाळी पाणी घालून झालं की ताई उलट्या घमेल्यावर बसायच्या. काही करायच्या नाहीत. मी भिंतीवरून विचारायचे, "झालं का काम?" त्या म्हणायच्या, "काम झाला. आता त्याचा पगार घेते." पाणी प्यायलेल्या मातीचा, अळूच्या पानांचा, लांबून येणाऱ्या कुणाच्या तरी चुलीचा वास, हा त्यांचा पगार.

पावसाच्या सुरुवातीला शहापूरच्या बाजारात पाड्यावरच्या बायका शेवळं घेऊन बसतात. शेवळं म्हणजे आमच्याकडची रानभाजी, खायला अप्रतिम, पण नीट केली नाही तर घशाला अशी खाज सुटते की पुन्हा नाव घ्यायला नको. म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळं घालतात. ताई ती जुडीनं आणायच्या आणि मला सोलायला बसवायच्या. मी म्हणायचे, बाजारात निवडलेली मिळतात. त्या म्हणायच्या, "सोलताना वास येतो तो त्या बाईला ठेवायचा नि आपण नुसती भाजी आणायची? येडी का काय?" करवंदांचंही तसंच. त्यांच्या जुन्या पेशंट बायका अजूनही पानाच्या द्रोणात घेऊन यायच्या. मूठभर तोंडात टाकलेलं ताईंना खपत नसे. एकेक.

या सगळ्यात भाऊ कुठे होते? शेजारी बसलेले. ताई समोर ठेवतील ते ते खात. ताईंनी जीव ओतून केलेली अळूची पातळ भाजी असो की घाईतला वरणभात, भाऊंचा शेरा एकच असे, "बरंय." ताई चिडायच्या. "अहो, शेवळं नि पिठलं दोन्ही बरंय? जिभेला कुलूप लावलाय का कारखान्यात?" भाऊ हसायचे आणि पुढचा घास घ्यायचे. मुलानं एकदा घरात लावायचं सुगंधाचं यंत्र आणून दिलं, दर थोड्या वेळानं फुस्स करणारं. ताईंनी दुसऱ्याच दिवशी ते काढलं. घराला घराचा वास येऊ दे, म्हणाल्या. भाऊंना विचारलं, तुमचं काय मत? "दोन्ही बरंय," भाऊ म्हणाले.

मग ती साथ आली आणि गेली. गेली असं सगळ्यांना वाटलं, लोक तोंडावरचे मास्क काढून लग्नांना जायला लागले, आणि त्या हिवाळ्यात शकूताईंना ताप आला. फार नाही, चारेक दिवस. बऱ्या झाल्या, हिंडू फिरू लागल्या, खोकलाही गेला. मी डबा पोचवायचे तेव्हा नेहमीसारख्याच हसायच्या. मला काही कळलं नाही.

कळलं ते असं. एका सकाळी मी भिंतीवरून सहज पाहिलं, तर शकूताई पडवीत उभ्याउभ्या चहा पीत होत्या. बशी नाही, पाट नाही. दोन घोटांत कप रिकामा केला, विसळला आणि आत गेल्या. मला वाटलं कुठं जायची घाई असेल. दुसऱ्या दिवशी तेच. रविवारी गोधड्या दोरीवरून काढल्या आणि हातावर टाकून सरळ घरात. मला ते बघवेना, पण विचारायचं तरी काय? तुम्ही उभ्यानं चहा का पिता, असं ज्या बाईनं माझ्या हातातला कप काढून घेतला होता तिलाच मी विचारू?

भाऊंना मी एकदा हळूच म्हटलं, "ताईंची तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय," भाऊ म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

वैशाखातली पौर्णिमा आली. बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारात खीर असते आणि ती खीर वर्षानुवर्षं शकूताईंच्या हातची. पांढरी साडी नेसून, पदर खोचून, विहाराच्या अंगणात तीन दगडांवर पातेलं चढवायच्या. तांदळाची कणी, दूध, गूळ, वेलची, शेवटी जायफळ. बाकीच्या बायका हाताखाली. ढवळायला किती वेळ, जाळ किती, हे कुणी विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "खीर नाकानं शिजवायची. दूध लागायच्या आधी सांगतो, मी लागणार हाय म्हणून. ते ऐकायचा."

त्या वर्षीही त्यांनीच शिजवली. वंदना झाली, लहान मुलांच्या पंगती बसल्या, मग आम्ही. मी शेजारीण म्हणून दरवर्षी असायचे. पहिला चमचा तोंडात घातला आणि कळलं. खीर लागली होती. थोडीथोडकी नाही, चांगली करपली होती, आणि ती चव तळापासून वरपर्यंत पसरली होती. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांना कळलं होतं. आणि सगळी वस्ती खाली मान घालून मुकाट्यानं खात होती. कुणी हूं की चूं केलं नाही. अनसूयाबाई म्हणून एक फार म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी तर वाटी पुढं करून दुसऱ्यांदा मागितली.

"यंदा खरपूस झालीय गो सिस्टर," त्या म्हणाल्या.

शकूताईंचा चेहरा बदलला. खरपूस हा शब्द त्यांच्या खिरीला कधी कुणी लावला नव्हता. त्या पातेल्याकडे गेल्या, पळी तळाशी घातली आणि खरवडून वर काढली. काळी खपली निघाली. त्यांनी ती नाकाजवळ नेली. दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग पळी खाली ठेवून विहाराच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या.

"मला वासच येत नाय गो," त्या म्हणाल्या. "ताप आला तवापास्नं काय येत नाय. चव नाय, वास नाय. मला वाटला, इतक्या वर्षांचा हात हाय, हाताला कळंल."

एवढे महिने त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. भाऊंना माहीत होतं आणि त्यांना न सांगण्याची शपथ होती, अर्थात भाऊंना त्यासाठी शपथ घालायची काही गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर ती गैरसोय झाली असती. शकूताईंचं नाक जाणं म्हणजे त्यांचं सगळं घरच काढून घेण्यासारखं होतं.

अनसूयाबाई काठी टेकत उठल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "रडतेस काय? हात तुझा नि नाक माझा. पुढल्या सालीबी खीर तूच करायची. मी बाजूला बसंन नि सांगंन." मग वाटीतली उरलेली खीर त्यांनी तिथंच बसून संपवली. नव्वदीच्या आसपासच्या बाईनं पुढल्या सालाचं आश्वासन दिल्यामुळे की काय, शकूताईंना रडता रडता हसू आलं.

त्यानंतर त्यांनी लपवणं सोडलं. शहापूरच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर येणारही नाही. पण नाकाला रोज आठवण करून द्यायची. रोज लवंग, कापूर, लिंबाची साल हुंगायची. आलाच तर कुठल्या वासापासून येईल हे सांगता येत नाही. शकूताई नर्स होत्या, त्यामुळे सांगितलेलं औषध त्यांनी कधी चुकवलं नाही. रोज सकाळी छोट्या डब्या मांडून पडवीत बसायच्या. लवंग धरायच्या, डोळे मिटायच्या, आणि काही नाही. कापूर. काही नाही. मी पलीकडून बघायचे आणि मला वाटायचं, आता नको बघायला.

आणि एक दिवस भाऊंचा आवाज ऐकू आला.

"थांब," ते म्हणत होते. "कापूर ना? थंड लागतो. नाकातनं वर जातो नि कपाळात बसतो."

मी कपडे वाळत घालायचे थांबले. भिंतीपलीकडे ताईही थांबल्या असाव्यात, कारण डब्यांचा आवाज बंद झाला. मग ताई म्हणाल्या, "नि मोगरा?"

"मोगरा मोगऱ्यासारखा."

"अहो, तो कसा येतो ते सांगा ना!"

भाऊंच्या चपला मोगऱ्यापर्यंत गेल्याचं ऐकू आलं. कारखान्यात यंत्र बिघडलं की भाऊ असेच त्याच्यापुढे उभे राहत असतील. मग म्हणाले, "आपल्या लग्नात मागनं यायचा. तू मान हलवलीस की यायचा. तसा."

मी उरलेले कपडे तसेच ठेवून घरात निघून गेले. शेजारधर्म म्हणून काही असतो.

त्या दिवसापासून भाऊंची शिकवणी सुरू झाली. सुरुवातीला त्यांचे सगळे वास कारखान्यातून यायचे. गोधडीचं ऊन म्हणजे "मशीन तापली की येतो तसा". कढीपत्ता म्हणजे "नवीन पट्टा मशीनवर चढवला की". ताई हसून हसून लोळायच्या. "कढीपत्त्याला रबराचा वास? अहो, तुमचा नाक तरी ठिकाणावर हाय का?" पण हळूहळू ते सुधारले. उठून झाडाजवळ जायचे, हुंगायचे, परत यायचे, शब्द सापडला नाही तर पुन्हा जायचे. ज्या माणसानं आयुष्यभर भाजीला 'बरंय' म्हटलं होतं तो आता ताटावर बसून सांगायचा, "आज खोबरा जास्त भाजलाय, मागनं तेल सुटल्यासारखा लागतो." ताई नुसत्या ऐकत. पुन्हा पाटावर बसून, बशीत ओतून चहा पिऊ लागल्या. पण समोर भाऊ बसलेले असत आणि चहा चालू असताना बोलायचं नाही हा नियम ताईंनी स्वतःच मोडला होता.

हे सगळं गोड होतं, खरंच होतं. पण एकदा अळू खुडताना त्या मला म्हणाल्या, "ऐकून पोट भरत नाय गो. ते बिचारे किती करतात. पण दुसऱ्यानं जेवल्याचा सांगितला तर आपला जेवण होतो का?" मी खुडलेली पानं त्यांच्या पदरात टाकली.

दरवर्षी थंडीत भाऊ आणि ताई चार दिवस समुद्रावर जायचे. ताईंबरोबर काम केलेल्या मंगल नावाच्या नर्सबाईंचं माहेर पालघरकडच्या एका कोळीवाड्यात होतं, आणि गावाच्या टोकाला त्यांची एक खोली रिकामी असायची. ताई तिला 'आमची कॉटेज' म्हणत. कौलारू, एक खिडकी, एक खाट, न्हाणीघर बाहेर आणि त्याला दाराऐवजी ताडपत्री. पण खिडकीतून समुद्र थेट पायाशी. तिथं ताई दिवसभर पाय ओले करायच्या आणि पायरीवर बसून वाळवायच्या, पुन्हा ओले करायच्या. खाटेवर आलेली वाळू झाडू द्यायच्या नाहीत. दुपारी तांदळाची भाकरी आणि ताजं कालवण खाऊन लाटांच्या आवाजात झोपायच्या. यातलं बरंचसं मला ऐकून माहीत होतं.

त्या वर्षी त्या म्हणाल्या, जायचं नाही. "नाक नसताना समुद्रावर काय करायचा? पाणी इथंबी हाय."

तेव्हा भाऊंनी माझ्यादेखत आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. "नाक नाय म्हणून काय झाला? कान हाय. पाय हाय. खाट हाय. नि मी हाय ना सांगायला." एवढं बोलून ते घामाघूम झाले. ताई बघतच राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "तूबी चल. हे असं बोलायला लागलेत, साक्षीला कुणीतरी पायजे." माझ्या शाळेला नाताळची सुट्टी होती. गेले.

कॉटेज मला फार आवडली. भाऊ पायरीवर बसून इमानेइतबारे सांगत होते. "खारट. भिजलेल्या दोरासारखा. मधेच लोखंडासारखा." ताई मांडीवर हात ठेवून समुद्राकडे बघत ऐकायच्या. पाय ओले केले, भाकरी खाल्ली, दुपारी झोपल्या. हसल्याही. पण संध्याकाळी लाटांकडे तोंड करून त्यांनी तो दीर्घ श्वास घेतला, सोडला, आणि हातानं काही नाही अशी खूण केली. भाऊंनी मान दुसरीकडे वळवली.

निघायच्या दिवशी रिक्षावाल्यानं सांगितलं, मागचा रस्ता खणलाय, गाडी इथपर्यंत येणार नाही, किनाऱ्यानं पलीकडे या. किनाऱ्यानं म्हणजे बोंबील वाळत घालतात तिथून. आता एक सांगायला हवं. बोंबील ताईंना खायला प्राणाहून प्रिय, पण ते वाळतानाचा वास हा जगातला एकमेव वास होता, जो त्यांना सहन होत नसे. दरवर्षी त्या गावाला वळसा घालून जायच्या पण तिथून जायच्या नाहीत, असं भाऊंनी मला चालता चालता सांगितलं.

बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांच्यावर जबडे अडकवून हजारो बोंबील लटकलेले. खाली वाळूवर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, पसरलेला. माश्या. वर दुपारचं ऊन. मी ओढणी दोनदा गुंडाळून नाकाला बांधली तरी वास थांबेना. भाऊंनी रुमाल काढला. पण कर्तव्य म्हणून तोही बाजूला केला, श्वास घेतला आणि सुरुवात केली, "इथं आता..."

ताईंनी त्यांची बाही धरली.

"थांबा."

भाऊ थांबले. ताईंनी डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. चेहरा एकदम आक्रसला, कुणी चापट मारल्यासारखा, आणि त्यांनी शिसारी आल्यावर काढतात तसा आवाज काढला. मग पुन्हा श्वास घेतला, मुद्दाम, छाती भरून, आणि पुन्हा तोंड वाकडं केलं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं.

पुढं काय काय परत आलं हे विचाराल तर सगळं नाही आलं. कापूर आला, लिंबाची साल आली, पावसाळ्यात शेवळं आली आणि आम्ही तिघांनी पाटावर बसून सोलली. पौर्णिमेची खीर त्यांनी आणि अनसूयाबाईंनी मिळून केली आणि ती लागली नाही. मोगरा शेवटपर्यंत आला नाही, तो भाऊंनाच सांगावा लागे. मागच्या श्रावणात शकूताई गेल्या, फार त्रास न होता, स्वतःच्या खाटेवर. मला त्या आठवतात तेव्हा त्या खाटेवरच्या आठवत नाहीत. किनाऱ्यावरच्या आठवतात.

रिक्षावाला पलीकडून सारखा हॉर्न वाजवत होता. बोंबील उलटे करायला आलेल्या कोळणी काम सोडून आमच्याकडे बघत होत्या. त्या घाणीच्या बरोबर मधोमध शकूताईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि वाळूत फतकल मारून बसल्या.

"ताई, चला ना," मी ओढणीतूनच म्हटलं. "गाडी जाईल."

"जाऊ दे. तुमी व्हा पुढं. मी जरा बसते."

भाऊ त्यांच्या शेजारी वाकले. रुमाल हातातच होता. "लई घाण येतेय गो," ते म्हणाले, "म्हणजे, कसा सांगू, जसा..."

ताईंनी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी खाली बसवलं.

"सांगू नका," त्या म्हणाल्या. "माझा मला येतोय."